ओपीसीचं करंट खातं: पहिली एंट्री भाड्याची नको

गाळे किंवा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी तुम्ही एकल व्यक्ती कंपनी, म्हणजे ओपीसी काढलीत. आता पाळी बँकेच्या खात्याची.

मागे आमच्याकडच्या एका काकांनी खातं सुरू झाल्या दिवशीच भाडेकरूच्या डिपॉझिटचा चेक भरून टाकला. भागभांडवलाचे दहा हजार मात्र त्यांच्या सेव्हिंगमध्येच पडून! नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा फॉर्म भरावा लागतो आणि भांडवल जमा झाल्याचा पुरावा म्हणून त्याला बँकेचं स्टेटमेंट जोडतात. तो भरेपर्यंत कंपनीला धंदाच सुरू करता येत नाही. मुदत चुकली तर कंपनीला ५०,००० रुपये दंड. संचालकाला दिवसाला १,०००, जास्तीत जास्त एक लाख. म्हणून आधी तुमच्या स्वतःच्या खात्यातून भांडवल ट्रान्सफर करा. रोख नको.

कागद नेहमीचेच: नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम-आर्टिकल्स (कंपनीचे उद्देश आणि नियम लिहिलेले कागद), कंपनीचं पॅन, तुमचं पॅन-आधार, नोंदणीकृत पत्त्याचं वीजबिल आणि खातं उघडण्याचा ठराव. "मी एकटाच संचालक, मग सभा कोणाबरोबर घेऊ?" असं सगळेच विचारतात. सभा नाही. ठराव मिनिट्स बुकात लिहून सही-तारीख टाकायची. कायद्याने तीच सभेची तारीख. बँकेला त्याची प्रत द्यायची.

अडतं ते शिक्क्यावर. नावातलं '(ओपीसी)' गाळून शिक्का केला, तर काउंटरवरून परत यावं लागतं.

आता खरी मेख. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? तुमच्या असेल, तर भाडं कंपनीच्या खात्यात भरल्याने ते कंपनीचं होत नाही, कर तुम्हालाच. कंपनीच्या नावावर करायचा तर मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्याचा हिशोब आला. तो आधी मांडू, मग ठरवा. जागा कंपनीची असेल, तर लिव्ह अँड लायसन्सचा करारही कंपनीच्याच नावाने नोंदवा आणि भाडेकरूला कंपनीचं पॅन द्या. नाहीतर टीडीएस, म्हणजे भाड्यातून कापलेला कर, तुमच्या पॅनवर दिसतो आणि निस्तरायला वर्ष जातं.

कंपनीच्या डेबिट कार्डावर घरचा किराणा भरू नका. पगार घ्या किंवा लाभांश घ्या. दोन्हींची नोंद आम्ही करून देऊ.

शिक्का करायला टाकण्याआधी नाव आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.