पाय उचलला की दाब गेला

पाव मैलाच्या सरळ शर्यतीत सुटण्याच्या रेषेवर उभी असलेली टर्बो गाडी त्या घटकेला टर्बो गाडी नसतेच. कंपनीतून आली तशीच, एकही भाग न बदललेली, हाताने गिअर टाकायची गाडी धरू. चालकाने क्लच पूर्ण दाबलाय, पहिला गिअर पडलाय, रेस देऊन इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर नेलंय. आवाज भरपूर आहे. पण टर्बोचा दाब दाखवणारा काटा समोर असेल, तर तो अजून शून्याच्या खालीच लोळत असतो.

कारण टर्बोला नुसते इंजिनाचे फेरे पुरत नाहीत, इंजिनाने काम करावं लागतं. सिलिंडरमधून बाहेर पडणारा तापलेला वायू एक छोटी टर्बाइन फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढतं आणि दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. सायलेन्सरवाटे वाया जाणारी ऊर्जा अशी कामाला जुंपण्याचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली घेतलं. ऐन भरात हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं. पण ओझं नसलेलं इंजिन ४,००० फेऱ्यांवर ठेवायला हवा लागते किती? इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जेमतेम किलकिली असते आणि बाहेर पडणाऱ्या वायूत टर्बाइन फिरवण्याइतका दमच नसतो. दम येणार ओझं आल्यावर, आणि ओझं येणार क्लच सोडल्यावर.

क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीचं इथे बरं असतं. डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की कन्व्हर्टरमधलं तेल घुसळताना इंजिनाला ओझं मिळतं आणि उभ्या जागी थोडाफार दाब तयार होतो. हातगिअरवाल्याला ही सोय नाही. त्याच्याकडे फक्त क्लच.

तो एकदम सोडला तर दोनांपैकी एक गोष्ट होते. फेरे जास्त असतील तर चाकं जागच्या जागी फिरतात. कमी असतील तर गाडी गचका खाते आणि इंजिन इतकं खाली येतं की टर्बो जागाच होत नाही. म्हणून जाणता चालक क्लच घासत सोडतो. फेरे टिकतात, ओझंही येतं, दाब चढू लागतो. याची किंमत क्लच मोजतो. इंजिनाचे फेरे आणि जोर कायम ठेवून गाडी क्लच घासत वेगात आणली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. चालकासकट १,४०० किलोची गाडी ताशी ३० किलोमीटरपर्यंत अशी नेली, तर ही उष्णता भरते सुमारे ४९ किलोज्यूल. तेवढ्यात लहान कपभर पाणी उकळीला येईल. इथे ती सारी एका पातळ तबकडीने दोनेक सेकंदांत सोसायची. तो जळका वास याचाच.

पुढे पकडीचा प्रश्न. कोरड्या रस्त्यावर साध्या टायरचा घर्षण गुणांक १ च्या आसपास असतो. म्हणजे चाकावर जितका भार, साधारण तितकाच जोर ते जमिनीला लावू शकतं. गाडी वेग घेताना भार मागच्या चाकांकडे सरकतो, त्यामुळे पुढची चाकं ओढणारी गाडी नेमक्या गरजेच्या वेळी पुढून हलकी होते. टायर जमिनीच्या मानाने किंचित जास्त, साधारण दहा टक्के, फिरत असतो तेव्हा पकड सगळ्यात चांगली. त्यापुढे घसरला की धूर वाढतो आणि ओढ कमी होते. आणि टर्बोचा खोडसाळपणा असा, की चाकांनी नुकती कुठे जमीन धरलेली असताना पहिल्या गिअरच्या मधोमध तो जागा होतो. तिथे अ‍ॅक्सिलरेटर केसभर मागे घेणारा पाय मला सगळ्यात अवघड कसब वाटतं.

या सुरुवातीला इतकं महत्त्व का? शर्यत पाव मैलाची, ४०२ मीटरची. ताकद पूर्णवेळ सारखी मिळाली असं धरलं, तर शेवटचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे वाढतो. ताकद दुप्पट केली तरी वेग २६ टक्केच वाढतो! आपल्या गाडीचं इंजिन १५० किलोवॅटचं, म्हणजे २०० अश्वशक्तीचं असेल, तर कागदावर ती ११.९ सेकंदांत ताशी १८२ किलोमीटर वेगाने रेषा ओलांडते. प्रत्यक्षात अशी गाडी साडेचौदा ते पंधरा सेकंद घेते आणि शेवटी ताशी १५० च्या आसपास असते. मधली तूट हवेने, गिअरबॉक्सने आणि टायरने खाल्लेली. पहिले ६० फूट हे अंतराच्या पाच टक्क्यांहून कमी, पण त्यात दोन सेकंदांहून जास्त जातात. चालकाला काही मिळवायचं असेल तर ते इथेच. अश्वशक्तीच्या फुशारक्या ऐकताना हे घनमूळ आठवलेलं बरं.

उरलेली तूट गिअर बदलताना पडते. पाय उचलला की थ्रॉटल मिटतो, पण टर्बोचं चाक अजून गरगरतच असतं. त्याने दाबलेली हवा मिटलेल्या झडपेवर आपटते, म्हणून बगलेची एक झडप उघडून तिला वाट देते. ‘फुस्स’ आवाज तो. मागून वायू येत नाही, टर्बो मंदावतो, आणि नवा गिअर पडल्यावर दाब पुन्हा जमवावा लागतो. हाताला लागलेला अर्धा-पाव सेकंद वेगळाच. काहीजण पाय न उचलताच क्लच मारतात. दाब टिकतो, हे खरं. पण साध्या गाडीच्या क्लचवर आणि गिअरबॉक्सवर इतका जुलूम मला पटत नाही.

घाईतली खरी भीती वेगळी आहे. तिसऱ्यातून चौथा टाकताना मूठ आवळून दांडा तिरका खेचला, तर दुसरा पडतो. इंजिनाचे फेरे रोखणारी यंत्रणा इंधन तोडते, पण इथे चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तिचा काही उपयोग होत नाही, आणि झडपा पिस्टनवर आदळू शकतात. दांडा उघड्या तळव्याने सरळ मागे घेतला की आतली स्प्रिंगच त्याला मधल्या रांगेत ठेवते.

गिअर लाल रेषेवरच, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवरच बदलायचा, हाही गैरसमज. कंपनीचा टर्बो बहुधा लहान असतो, वरच्या फेऱ्यांना त्याचा श्वास अपुरा पडतो. समजा ६,५०० फेऱ्यांना टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटरवर उतरला आणि दुसऱ्या गिअरचं प्रमाण २ आहे: पुढे गेले ४००. तिसऱ्याचं प्रमाण १.४, त्यात फेरे ४,५५० वर येतात आणि तिथे टॉर्क ३०० असेल तर पुढे जातात ४२०. लाल रेषेची वाट पाहणं म्हणजे नुकसानच.

पाव मैलाची फेरी संपल्यावर हातात वेळ आणि वेग लिहिलेली चिठ्ठी पडते. पुढचं चाक सुटण्याच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावर घड्याळ सुरू होतं, त्यामुळे हिरवा दिवा पाहून केलेला उशीर या वेळेत धरला जात नाही. वेळ सांगते सुरुवात कशी झाली, शेवटचा वेग सांगतो इंजिनाने किती दिलं. तिसऱ्या फेरीत पहिले ६० फूट आधीपेक्षा लवकर गेले, पण शेवटचा वेग ताशी १५१ वरून १४७ वर आला, असं समजा. पाय शिकला, टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र तापला. आत जाणारी हवा गरम, म्हणजे विरळ. इंधन अवेळी पेटू नये म्हणून संगणकानेही ठिणगी उशिरा टाकली. आता बॉनेट उघडून गाडी अर्धा तास उभी ठेवायची.