भूकंप लांब, खोदकाम जवळ

24 फेब्रुवारी 2021. सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. मुंबईतलाच दुसरा शेअर बाजार, बीएसई, चालू होता. एनएसई उघडला तो दुपारी पावणेचारला. मधले चार तास गावोगावचे दलाल गोठलेल्या पडद्याकडे बघत बसले.

गंमत अशी, की नेमक्या अशाच दिवसासाठी एनएसईचं पर्यायी केंद्र चेन्नईत सज्ज होतं. मुख्य आणि पर्यायी केंद्रं शक्यतो वेगवेगळ्या भूकंपक्षेत्रांत असावीत, असं शेअर बाजारांची नियामक संस्था सेबी सांगते. एक शहर आडवं झालं तर दुसऱ्यानं गाडा ओढायचा.

अडचण आहे ती अंतराची. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-चेन्नई अंतर हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण प्रत्येक सौद्याची पोच चेन्नईहून येईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर बाजार रांगायला लागेल. म्हणून सौद्यांच्या नोंदींची लांबची प्रत किंचित मागे राहू दिली जाते आणि तंतोतंत प्रत जवळच्याच आणखी एका केंद्रात ठेवतात.

दगा दिला तो या जवळच्या जोडणीनं. तारा दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्ही डळमळल्या. वाटेवर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं, असं नंतर एनएसईनं सांगितलं. त्या गडबडीत मुख्य केंद्रातली माहिती साठवणारी यंत्रणाच सर्व्हरना सापडेनाशी झाली. मला यातलं हेच सर्वांत बोलकं वाटतं: प्रत जपण्यासाठी टाकलेल्या तारेनं मूळ यंत्रणेलाच खाली ओढलं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जुलै 2001 मध्ये रेल्वेच्या बोगद्यात मालगाडी पेटली, तेव्हाही हाच धडा मिळाला होता. अनेक कंपन्यांच्या तारा त्या एकाच बोगद्यातून गेल्या होत्या. आग बाल्टिमोरमध्ये लागली आणि इंटरनेट दूरच्या शहरांतही मंदावलं. बिलं दोन कंपन्यांची येतात, म्हणून वाटाही दोन असतात असं नाही. नकाशावर बोट ठेवून तार कुठून जाते ते बघावंच लागतं.

त्या दिवशी बाजार चेन्नईला हलवलाच नाही. हलवावा की थोडं थांबून पाहावं, हा निर्णय शेवटी माणसाचा. मार्च 2021 मध्ये सेबीनं त्याला घड्याळ लावलं: बिघाड झाल्यावर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून 45 मिनिटांत दुसऱ्या शहरातून कारभार सुरू करायचा.