उणे गुणिले उणे: दोस्त-दुश्मन देशांचं गणित

दोन देशांत संरक्षण करार झाला की 'शत्रूचा शत्रू तो आपला मित्र' हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते निव्वळ मुत्सद्देगिरीचं वाटतं, पण त्यामागे शाळेतला चिन्हांचा गुणाकार आहे.

प्रत्येक देश म्हणजे एक बिंदू. मैत्रीच्या रेघेवर अधिक, वैराच्या रेघेवर उणे. कुठलेही तीन देश घेऊन तिन्ही चिन्हांचा गुणाकार करा. उत्तर अधिक आलं तर त्रिकोण संतुलित. उणे आलं तर त्यात ताण आहे, एखादं चिन्ह पालटण्याकडे कल आहे. माणसांच्या नात्यांबाबत मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये हा विचार मांडला; पुढे गणितज्ञ फ्रँक हरारी यांनी एक सुंदर प्रमेय सिद्ध केलं: सगळे त्रिकोण संतुलित असतील, तर सगळे एकमेकांचे मित्र तरी असतात किंवा बरोबर दोन गट पडतात.

सिद्धता वहीत चार ओळींत मावते. 'अ' देश निवडा. त्याचे मित्र एका खोलीत, शत्रू दुसऱ्या. 'अ'चे दोन मित्र घ्या: अधिक गुणिले अधिक, म्हणजे तिसरी रेघ अधिकच हवी. दोन शत्रू घ्या: उणे गुणिले उणे, तिसरी पुन्हा अधिक. एक मित्र, एक शत्रू घेतला तर तिसरी उणेच. खोलीच्या आत सगळी मैत्री, खोल्यांमध्ये सगळं वैर. तिसऱ्या खोलीला जागाच उरत नाही!

पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप पाहा. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली: ६ बिंदू, १५ रेघा, २० त्रिकोण. जर्मनीची ऑस्ट्रियाशी युती होती, रशियाशी १८८७चा गुप्त करार होता; पण बाल्कनवरून ऑस्ट्रिया-रशिया वैर. अधिक, अधिक, उणे. १८९० मध्ये जर्मनीने रशियाशी कराराचं नूतनीकरण केलं नाही. अल्सास-लोरेन हा प्रदेश जर्मनीकडे गमावलेला फ्रान्स आधीच जर्मनीचा वैरी. १८९४ पर्यंत फ्रान्स-रशिया युती झाली. १९०४ मध्ये फ्रान्स-ब्रिटन समझोता झाला. आता ब्रिटन-रशिया ही रेघ अडचणीची: दोघेही फ्रान्सचे मित्र, पण आपसात वाद. १९०७ मध्ये इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटवरचे वाद मिटवून तीही अधिक झाली.

वृत्तवाहिन्यांवर ग्रहयुतीवरून महायुद्धाची तारीख सांगतात; मंगळ-शनीचा या रेघांशी काडीचा संबंध नाही. तारीख हे गणितही सांगत नाही. ताण कुठे आहे एवढंच दाखवतं, आणि तो ताण वर्षानुवर्षं टिकूही शकतो: भारत-रशिया मैत्री, रशिया-चीन जवळीक, भारत-चीन तणाव हा त्रिकोण असंतुलितच आहे.

खरी चूक होते ती चिन्ह ठरवताना. १८८२च्या त्रिपक्षीय करारामुळे इटली-ऑस्ट्रिया रेघ कागदावर अधिक होती, पण ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ट्रेंटिनो आणि ट्रिएस्टवर इटलीचा डोळा होता. दोन गटांच्या (ब्रिटन-फ्रान्स-रशिया आणि जर्मनी-ऑस्ट्रिया-इटली) आकृतीत ही एकच रेघ उणे करून पाहा: तिच्यावरचे चारही त्रिकोण बिघडतात. इटलीच्या पाचही रेघा उलटवल्या तर वीसही पुन्हा जुळतात. प्रत्यक्षात हे टप्प्याटप्प्याने झालं. १९१४ मध्ये इटली तटस्थ राहिली, मे १९१५ मध्ये तिने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि जर्मनीविरुद्ध थेट ऑगस्ट १९१६ मध्ये.