देवबागचे ‘त्सुनामी आयलंड’: बेट की दांडा?

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणारा रस्ता संपतो तिथे जमीनही संपते. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे आणि अलीकडे पर्यटकांच्या खोल्या. कर्ली पूर्वेकडून येते, पण ही वाळू आडवी आल्यामुळे दक्षिणेला वळते आणि देवबागच्या टोकाशी, भोगवे गावासमोर समुद्राला मिळते. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर वाळूच्या बेटांची रांग दिसते, तशी कोकणात नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सुरू झाले, तो खडक आहे. वाळूची म्हणावी अशी गोष्ट इथे एकच, नदीमुखाशी वाढलेला दांडा, म्हणजे वाळूचा लांबट उंचवटा.

किल्ल्यानंतर कितीतरी पिढ्या या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली गेली. समुद्र बघायला म्हणून कोणी येत नसे. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तो वाद वेगळा आणि लांबलचक. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मुंबई-पुण्याचा पाहुणा तारकर्लीपर्यंत पोचला.

मग आले ‘त्सुनामी आयलंड’. संगमाजवळ, खाडीच्या पात्रात, ओहोटीला उघडी पडणारी वाळू. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेने ती वर आणली असे होडीतून जाताना सांगितले जाते. त्या लाटेचा पश्चिम किनाऱ्यावरचा तडाखा केरळला बसला. उत्तरेकडे येता येता तिचा जोर ओसरत गेला. नदीमुखाशी वाळू साठायला त्सुनामी लागत नाही. पावसाळ्यात नदी गाळ आणते, समुद्राच्या लाटा तो आत रेटतात, भरती-ओहोटी त्याला आकार देते आणि पुन्हा मोडते. त्या वर्षी हा ढीग ठळक दिसू लागला असेलही, पण नावाने जेवढे श्रेय लाटेला दिले तेवढे तिचे नसावे. नाव मात्र असे पडले की पुसणे कठीण. ‘कर्लीचा दांडा’ बघायला कोण तिकीट काढणार?

‘आयलंड’ हा शब्द त्याहून गोंधळाचा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार भरतीलाही पाण्यावर राहते ते बेट. इथे भरतीला कमरेएवढे पाणी चढते. खाण्यापिण्याच्या टपऱ्या, बनाना राइड, जेट स्की, सगळे वेळापत्रक ओहोटी ठरवते. हा काही शब्दांचा खेळ नाही. बेट म्हटले की जमीन आली, जमिनीपाठोपाठ हक्क आणि बांधकामही. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधला पट्टा मात्र किनारा नियमनात सर्वांत कडक वर्गात बसतो. शिवाय २०११ च्या अधिसूचनेत मालवणचे नाव देशातल्या अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे. दांड्याला दांडा म्हटले असते, तर निदान प्रश्न तरी सरळ विचारला गेला असता.

खुद्द देवबागची काळजी निराळी. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळ दूर समुद्रात असतानाच उधाणाचे पाणी वस्तीत शिरले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने माड आणि विजेचे खांब आडवे केले. गावाला धूपप्रतिबंधक बंधारा हवा आहे, आणि ज्याच्या पडवीपर्यंत लाट आली त्याने तो मागू नये असे म्हणायची कोणाची छाती नाही. पण दगडी बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची पुळण खरवडून नेते. पाहुणा येतो तो त्या पुळणीसाठी.

ऑक्टोबर २०२१ पासून खाडीपलीकडे चिपीला विमानही उतरू लागले. पावसाळ्यात होड्या बंद असतात. त्या पुन्हा सुरू होतात तेव्हा दांडा गेल्या वर्षीच्याच जागी असेल असे नाही.