‘केप्ट बॅक’ का येतं? डेबियनच्या अपग्रेडमागचा इतिहास

डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींच्या मशीनवर सॉफ्टवेअर अद्ययावत करणारी ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही आज्ञा चालवली की कधी ना कधी ही ओळ समोर येतेच: ‘द फॉलोइंग पॅकेजेस हॅव बीन केप्ट बॅक’, म्हणजे ‘पुढील पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) मागे ठेवली आहेत’. खाली पाच-सात नावं असतात आणि ती पॅकेजेस जुन्याच आवृत्तीवर राहतात. बरेच जण याला बिघाड समजतात आणि ‘डिस्ट-अपग्रेड’ ही दुसरी आज्ञा मारून मोकळे होतात. पण बिघाड काही नसतो. ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारं साधन, तिथे मुद्दाम थांबलेलं असतं, आणि ते का थांबतं हे कळायला 1990च्या दशकापर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा युनिक्सवर सॉफ्टवेअर टाकायची नेहमीची रीत म्हणजे सोर्स कोडची बांधलेली फाइल (टारबॉल) उलगडायची आणि ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ करायचं. फायली बहुधा /यूएसआर/लोकलमध्ये जाऊन पडत; कुठली फाइल कुणाची, याची नोंद कुठेच नसे. 1993 साली आलेल्या स्लॅकवेअर या लिनक्स प्रणालीमध्ये प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी असायची, त्यामुळे पॅकेज निदान काढता यायचं. पण कशाला काय लागतं हे स्लॅकवेअरची मूळ साधनं तेव्हाही बघत नव्हती आणि आजही बघत नाहीत. तिथल्या मंडळींना त्याचं काही वाटतही नाही.

इयन मरडॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये डेबियन जाहीर केलं. इयन जॅक्सन यांनी 1994 मध्ये डीपीकेजी या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला, आणि आज आपण जे व्याकरण वापरतो ते या साधनाभोवती तयार झालं. प्रत्येक पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये ‘डिपेन्ड्स’ (काय लागतं), ‘कॉन्फ्लिक्ट्स’ (कशाशी जमत नाही), ‘प्रोव्हाइड्स’ (काय पुरवतं), ‘रिप्लेसेस’ (कशाची जागा घेतं) अशा ओळी असतात. कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे हे /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेलं असतं. डीपीकेजी काम दोन टप्प्यांत करतो: आधी ‘अनपॅक’ (फायली उलगडणं), मग ‘कॉन्फिगर’ (पॅकेज वापरायला तयार करणं). एखादी .डेब (पॅकेजची) फाइल थेट टाकली आणि तिला लागणारी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) नसली, तर बहुतेक वेळा फायली डिस्कवर येतात, पण पॅकेज अर्ध्यातच लटकतं. अपग्रेड चालू असताना वीज गेली तरी हीच गत होते. म्हणूनच ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हा पहिला उपाय आहे: जे अनपॅक झालंय, त्याचा दुसरा टप्पा तो पुरा करतो.

सेटिंगच्या फायलींबाबतही असाच विचार केलेला आहे. डीपीकेजी त्यांचे एमडी5 ठसे (फाइल बदलली का हे ओळखायचे आकडे) जपून ठेवतो. फाइल फक्त पॅकेजकर्त्याने बदलली असेल तर नवी बसते. फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची राहते. दोघांनी बदलली असेल तरच प्रश्न येतो. नुसतं एंटर दाबलं तर तुमची फाइल टिकते आणि नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीने ठेवली जाते. मोठ्या अपग्रेडनंतर /ईटीसीमध्ये या शेपट्या शोधायला हव्यात, आणि नेमकं तेच फार थोडे लोक करतात.

डीपीकेजी नियम पाळायला लावतो, पण हवं ते पॅकेज शोधून आणत नाही. ते काम आधी डीसिलेक्टकडे होतं. कीबोर्डवर चालणारा तो पडदा भल्याभल्यांना घाम फोडायचा. 1998 मध्ये ॲप्ट आलं आणि मार्च 1999 च्या डेबियन 2.1 पासून ते अधिकृतपणे सोबत मिळू लागलं. सोर्सेस.लिस्ट या फाइलमधून पॅकेजेसच्या भांडारांचे पत्ते वाचायचे, याद्या उतरवायच्या, लागेल ती साखळी स्वतः जुळवायची आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हाती द्यायची, ही वाटणी तेव्हा ठरली ती आजतागायत तशीच आहे.

त्याच सुमारास सगळ्यांना चटका देणारं एक स्थित्यंतर झालं: जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी लायब्ररी लिबसी5 वरून लिबसी6 वर गेली. जुलै 1998 च्या डेबियन 2.0 वर जाताना पॅकेजेसचा क्रम चुकला तर आज्ञा घेणारा प्रोग्राम, म्हणजे शेलच बंद पडायची भीती होती. म्हणून ‘ऑटोअप’ नावाची वेगळी शेल स्क्रिप्ट दिली गेली. लायब्ररीचा बायनरी करार (तयार प्रोग्रामशी असलेली जुळणी) मोडला की तिचं ‘एसओ-नेम’ (आवृत्तीचा आकडा असलेलं नाव) बदलतं, आणि डेबियनमध्ये ते पॅकेजच्या नावातच घालतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या: लिबएसएसएल1.1 नंतर लिबएसएसएल3 आलं. ही जुन्या पॅकेजची नवी आवृत्ती नाही, वेगळंच पॅकेज आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हा याचा फायदा. तोटा असा की लिबएसएसएल3 मागणारा प्रोग्राम अपग्रेड करायचा तर आधी मशीनवर नसलेलं पॅकेज आणावं लागतं.

‘केप्ट बॅक’ची गोम इथेच आहे. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ला दोन गोष्टींची सक्त मनाई आहे: नवं पॅकेज टाकायचं नाही आणि असलेलं काढायचं नाही. यातली एकही करावी लागणार असेल तर ते पॅकेज मागे ठेवलं जातं. 2014 मध्ये नेहमीच्या वापरासाठी आलेल्या ‘ॲप्ट’ या आज्ञेने हे थोडं सैल केलं: ‘ॲप्ट अपग्रेड’ नवं पॅकेज टाकतं, मात्र काढत नाही. दोन्हीची मुभा ‘फुल-अपग्रेड’ला आहे, जुन्या ‘डिस्ट-अपग्रेड’चंच हे नवं नाव.

हा फरक किरकोळ वाटत असेल तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बघा. लिनक्स-इमेज-एएमडी64 हे नुसतं नामधारी पॅकेज आहे. खरा कर्नल लिनक्स-इमेज-6.1.0-21-एएमडी64 अशा नावाने येतो. मधला आकडा बदलला की ते नवं पॅकेज ठरतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ लावून निश्चिंत झालेल्या सर्व्हरवर त्यामुळे कर्नल जुनाच राहतो, सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना.

मग सरसकट ‘फुल-अपग्रेड’ का नाही? कारण काय काढायचं ते ॲप्ट स्वतः ठरवतं. इडॉस या युरोपीय प्रकल्पातल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की एखादं पॅकेज बसू शकतं का, हा प्रश्नच मुळात एनपी-कम्प्लीट, म्हणजे अतिशय अवघड कोड्यांच्या वर्गातला, आहे. सगळी कोडी झटपट सोडवणारी युक्ती कुणाला सापडलेली नाही. ॲप्टचा जुना सॉल्व्हर (हे कोडं सोडवणारा भाग) पॅकेजेसना गुण देऊन अंदाज बांधायचा, आणि अंदाज कधीतरी चुकतोच. नोव्हेंबर 2021 मध्ये उबंटूवर आधारलेल्या एका डिस्ट्रोवर (लिनक्स प्रणालीवर) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकताना एका यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉप उडाला. ॲप्टने इशारा दिला होता आणि ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायलाही लावलं होतं. त्याने ते टाइप केलं. त्यानंतर ॲप्टचे नियम कडक झाले, अत्यावश्यक पॅकेजेस काढून मार्ग काढायला सॉल्व्हरला बंदी आली. 2025 च्या ॲप्ट 3.0 सोबत मागे फिरून दुसरा पर्याय तपासणारा नवा सॉल्व्हरही आला.

दरम्यान 2024 मध्ये डेबियनने 32-बिट मशीनवरची वेळ 64 बिटांत मोजायचं स्थित्यंतर हाती घेतलं. ते नसतं तर 2038 साली घड्याळं उलटली असती. या वेळी एसओ-नेम तेच ठेवून पॅकेजच्या नावाला ‘टी64’ जोडलं गेलं. लिबएसएसएल3 आणि लिबएसएसएल3टी64 मध्ये फाइल एकच, त्यामुळे दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही. साहजिकच ‘अनस्टेबल’ ही डेबियनची सतत बदलणारी आवृत्ती वापरणाऱ्यांना तेव्हा केप्ट बॅकच्या लांबच लांब याद्या दिसत होत्या. त्यावर उपाय एकच होता, भांडार स्थिरावेपर्यंत थांबणं.

उबंटूवर आणखी एक कारण असतं. 21.04 या आवृत्तीपासून तिथे ॲप्ट टप्प्याटप्प्याने येणारे अपडेट पाळतं: नवी आवृत्ती आधी थोड्याच मशीनना मिळते आणि वाटा 10-10 टक्क्यांनी वाढत जातो. तुमची पाळी येईपर्यंत पॅकेज मागे राहतं, आणि त्यात तुम्ही काही करायची गरज नाही.

म्हणून यादी दिसली की आधी ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने आपणच काही अडवून ठेवलंय का ते पाहावं. मग ‘ॲप्ट --सिम्युलेट फुल-अपग्रेड’ (प्रत्यक्ष बदल न करणारी तालीम) चालवून काढायच्या पॅकेजेसची यादी नीट वाचावी. ती रिकामी असेल तर खुशाल पुढे जावं. एकच पॅकेज हवं असेल तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला त्याचं नाव देता येतं, पण मग ते ‘हाताने टाकलेलं’ अशी नोंद होते आणि पुढे ‘ऑटोरिमूव्ह’ (नको झालेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) त्याला हात लावत नाही. लायब्ररी असेल तर ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ने ती खूण परत फिरवावी.