इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म

थर्माकोलच्या जातीच्या कडक फोमचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवत रचायचे, पोकळीत सळया बांधायच्या, वरून काँक्रीट भरायचे आणि ठोकळ्यांचे हे शटरिंग (काँक्रीटचा साचा) न काढता कायमचे जागीच ठेवायचे, अशी ही भिंत बांधण्याची पद्धत. व्यवहारात तिला आयसीएफ म्हणतात. अमेरिका आणि कॅनडात ती तळघरांसाठी रुळली आणि मग वरच्या मजल्यांवर चढली.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाकडाचे तंतू आणि सिमेंट यांचे पोकळ ठोकळे याच तत्त्वावर वापरले जात होते. फोमचा ठोकळा कॅनडातील कंत्राटदार वर्नर ग्रेगोरी यांचा. त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ४८ इंच लांब, १६ इंच उंच, कडांना खाचा आणि आत धातूचे बंध असा तो होता. आजचे बरेच ठोकळे त्याच मापाचे असतात, बंध मात्र प्लॅस्टिकचे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच फोम आणि मध्ये ६ इंच काँक्रीट धरले, तर गिलावा व जिप्सम बोर्डासह भिंत जवळपास फूटभर जाड होते.

अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, साधारण पाव वॅट उष्णता जाते. दुहेरी, लेपित काचेच्या चांगल्या खिडकीतून १.५ ते २ वॅट जाते, तर साध्या एकेरी काचेतून साडेपाचपेक्षा जास्त. म्हणजे १०० चौरस मीटर दर्शनी भागात ४० चौरस मीटर चांगली काच घातली, तर ६० चौरस मीटर भिंतीतून १५ वॅट आणि काचेतून सुमारे ७० वॅट जातील. भिंतीवर खर्च करून खिडक्यांत काटकसर करणे हा उलटा हिशेब आहे.

उन्हाचा प्रश्न आणखी वेगळा. काँक्रीट दोन्ही बाजूंनी फोममध्ये गुंडाळलेले असल्याने खिडकीतून आलेली ऊब ते फारशी शोषत नाही. ते काम उघड्या काँक्रीटच्या किंवा फरशीच्या जमिनीला करावे लागते. त्यात घर हवाबंद, त्यामुळे थंड देशातही कोवळ्या उन्हात खोली तापते. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेला सूर्य खाली उतरलेला असतो, तिथे बाहेरून झडपा किंवा पडदेच हवेत.

रुंद खिडकीवरचे लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) ठोकळ्यांच्या आतच, जादा सळया आणि त्यांभोवती रिंगा घालून ओतले जाते. फार रुंद उघडीला खोल तुळई किंवा पोलाद लागते. वारा आणि भूकंपाचा आडवा जोर भिंतीच्या सलग तुकड्यांनी पेलायचा असतो, म्हणून दोन खिडक्यांमधली आणि कोपऱ्यांतली भिंत हवी तेवढी कापता येत नाही. कोपरा पूर्ण काचेचा हवा असेल तर तिथे वेगळा खांब येतो आणि आयसीएफ तेवढ्यापुरती बाजूला राहते.

काम बिघडते ते बहुधा खिडकीपाशीच. उघडीत लाकडी किंवा प्लॅस्टिकची चौकट बसवतात. ओल्या काँक्रीटच्या दाबाने ती फुगू नये म्हणून आतून उभे-आडवे टेकू देतात. चौकटीची खालची फळी मुद्दाम फटीची ठेवतात, कारण खिडकीखालचे काँक्रीट तिथूनच भरायचे आणि ते हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटरही तिथूनच घालायचा. हे टाळले की खिडकीखाली पोकळी राहते आणि फोममागे ती कोणाला दिसत नाही. भरणी तासाला ३-४ फुटांच्या थराने करतात. घाई केली की ठोकळा फुटून काँक्रीट बाहेर येते.

फोम वाळवीचे खाद्य नाही, पण ती त्यातून बोगदे काढून वरच्या लाकडापर्यंत न दिसता पोहोचते. आगीसाठी अमेरिकी नियमांत खोलीकडच्या फोमवर अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा त्याच तोडीचे आवरण सक्तीचे आहे. वादळी किनाऱ्यावर भिंत टिकते, काच टिकेलच असे नाही. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडात खिडक्यांवर सुमारे ४ किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने मारून पाहण्याची चाचणी आली.

भारतात आयसीएफ विरळाच. मुंबईच्या टॉवरांमध्ये काँक्रीटच्या भिंती सर्रास ओतल्या जातात, पण ॲल्युमिनियमचे शटरिंग काढून पुढच्या मजल्यावर नेतात. जागीच राहणाऱ्या साच्याचा जवळचा नमुना म्हणजे लखनौचा केंद्र सरकारचा लाइट हाउस हा घरबांधणी प्रकल्प. तिथे साचा पीव्हीसीचा आणि सांगाडा पोलादाचा आहे.