‘दिसत नाही’ आणि ‘उघडत नाही’: शेअरिंगची दोन वेगळी दुखणी

घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर केला आणि काम अडलं, की तक्रार एकच असते: ‘शेअरिंग चालत नाही.’ देवगडच्या बागायतदाराला मांगरातल्या कॉम्प्युटरवरचा पेट्यांचा हिशेब घरी लॅपटॉपवर हवा असतो, तारकर्लीच्या होमस्टेवाल्याला बुकिंगची एक्सेल फाइल. तक्रार तीच, पण तिच्यामागे दोन निराळे बिघाड असतात. एकात दुसरा कॉम्प्युटर नेटवर्कच्या यादीत दिसतच नाही. दुसऱ्यात तो सापडतो, पण आत घेत नाही. एकाचा इलाज दुसऱ्यावर करत बसलात तर अख्खा दिवस जाईल.

कोणता बिघाड आहे ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात. फाइली ज्या कॉम्प्युटरवर आहेत तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या आणि आयपीव्ही४ (IPv4) पत्ता, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, लिहून घ्या. समजा, १९२.१६८.१.५ आला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, दोन बॅकस्लॅश (\\) देऊन लगेच तो पत्ता टाइप करा, एंटर मारा. फोल्डर समोर आले तर शेअरिंग शाबूत आहे, बिघाड फक्त यादीत आहे. नाव-पासवर्ड मागितला किंवा परवानगी नाही असा संदेश आला, तर अडचण प्रवेशाची. आणि ०एक्स८००७००३५ (0x80070035) हा एरर, म्हणजे ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’, आला तर दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणंच होत नाहीये; त्याची कारणंही पुढे येतील.

आधी न दिसण्याचं बघू. जुन्या विंडोजमध्ये ही यादी एसएमबी१ नावाच्या, फाइल शेअरिंगच्या जुनाट प्रोटोकॉलच्या आधाराने भरायची. २०१७ साली आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ येत नाही. आता कॉम्प्युटर स्वतःची हजेरी वेगळ्या पद्धतीने लावतो आणि ते काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस करते. ती बंद पडली असेल तर कॉम्प्युटर यादीत येत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती ऑटोमॅटिक करा. शिवाय वायफायचं प्रोफाइल पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. पब्लिकवर विंडोज दिसणं आणि उघडणं दोन्ही बंद ठेवतं.

यादी भरावी म्हणून एसएमबी१ परत चालू करायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओंत मिळतो. कृपा करून तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक हीच होती, आणि त्याने आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. यादीत एक चित्र दिसावं म्हणून एवढा धोका कशाला? पत्ता टाकून फोल्डर उघडा, त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, काम झालं.

आपल्याकडे न दिसण्याचं आणखी एक कारण हमखास सापडतं: चिऱ्याच्या भिंती. ओटीवरच्या राउटरची रेंज माजघर ओलांडत नाही, म्हणून लोक माडीवर दुसरा राउटर लावतात. त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या पोर्टात, केबल घातली की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. खाली १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते, वर १९२.१६८.० ने. मग गंमत अशी होते, की माडीवरून खालचा कॉम्प्युटर यादीत दिसत नाही पण पत्ता टाकला की उघडतो, आणि खालून वरचा दिसतही नाही, उघडतही नाही. इथे विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न काढता फक्त रेंज देईल आणि दोन्ही कॉम्प्युटर एका नेटवर्कात येतील.

आता न उघडणं. इथे सगळ्यात जास्त घोळ पिनमुळे होतो. रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणारा माणूस तोच पिन इथेही टाकतो आणि नाकारला जातो. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. माझं मत विचाराल तर फाइलींच्या कॉम्प्युटरवर एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि तेवढ्या एका फोल्डरची परवानगी द्या. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळं होऊ नका, विशेषतः होमस्टेत पाहुणेही तेच वायफाय वापरत असतील तर. चुकीचा पासवर्ड आधीच साठवला गेला असेल तर विंडोज साठवलेले पासवर्ड ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढून टाका.

परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरिंगच्या टॅबवर आणि सिक्युरिटीच्या टॅबवर, आणि दोन्हींत जी कडक ती लागते. म्हणूनच कधी फोल्डर उघडतो, बाकीच्या फाइली उघडतात, पण एकच हटून बसते. ती बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून उचलून इथे हलवलेली असते आणि जुनी परवानगी सोबत घेऊन आलेली असते. तीच कॉपी करून टाकली की नव्या फोल्डरची परवानगी घेते.

काल उघडत होतं, आज नाही, असं झालं तर रात्री लाइट गेली होती का ते आठवा. पावसाळ्यात हे रोजचंच. राउटर पुन्हा चालू होताना कॉम्प्युटरला १.५ ऐवजी १.८ देऊ शकतो, आणि तुमचा शॉर्टकट जुन्याच पत्त्यावर जात राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून त्या कॉम्प्युटरला कायमचा एक पत्ता बांधून द्या.